माझ्या मुलीची भागाकाराची रीत फळ्यावर लिहून घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या फाटकाशी तुमचे आभार मानायला आले, तर तुम्ही "अहो, कामच आहे आमचं ते" म्हणून विषय संपवलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. काम तर तुमच्याआधीच्या लोकांचंही होतं. त्यांनी ते केलं नाही, याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

माझी मुलगी तुमच्या वर्गात आली तेव्हा भागाकाराचं गणित समोर आलं की डावा हात वहीवर आडवा धरून लिहायची. कुणाला दिसू नये म्हणून. ही सवय आधीच्या शाळेची. तिथे ८४ भागिले ६ असं गणित होतं. तिने आधी ६० वाटून टाकले, प्रत्येकाला १०. उरले २४, ते प्रत्येकी ४. उत्तर १४. बरोबर उत्तर, आणि तिच्या स्वतःच्या डोक्यातून आलेलं! त्यावर लाल फुली, शून्य गुण आणि 'पद्धत चूक' असा शेरा. मी विचारायला गेले तर "पुस्तकात आहे तसंच यायला हवं" एवढंच ऐकून परत आले. शिकवणीत तर याहून वाईट. भागाकार चुकला की शिक्षा म्हणून पाढे लिहायचे. पाढे तिला येत होते, घडाघडा येत होते. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते ठिकाण शोधायला कुणाला सवड नव्हती. उलट "हिच्या डोक्यात गणित शिरत नाही" असं तिच्यासमोर मला सांगितलं गेलं. लहान मुलं असं वाक्य विसरत नाहीत.

तुम्ही तिची तीच रीत वहीत पाहिलीत. ती घरी येऊन सांगत होती, "बाईंनी पेनाचं टोपणच नाही काढलं." तुम्ही म्हणालात, "हे कसं केलंस गं? मला दाखव की." खडू तिच्या हातात दिलात आणि तुम्ही तिच्या जागेवर, बस्करपट्टीवर, पोरांमध्ये मांडी घालून बसलात.

बाई, मला बोलायचंय ते या बसण्याबद्दलच. फळ्यापाशी ती आणि खाली तुम्ही. तुम्हाला कदाचित ते आठवतही नसेल. तिने मला हे इतक्यांदा सांगितलंय की मला त्या वर्गातली तुमची जागा पाठ झालीये: खिडकीकडची दुसरी ओळ. तिचं सांगून झाल्यावर तुम्ही त्या मांडणीच्या वर तिचं नाव लिहिलंत आणि पुढे 'ची रीत'. शेजारी पुस्तकातली रीत मांडलीत आणि वर्गाला विचारलंत, हिचे ६० इथे कुठे लपलेत? तिनेच शोधलं. ८ च्या खाली आपण जो ६ लिहितो तो तिचा ६० आणि वर लिहिलेला १ म्हणजे तिचे १०. त्या दिवसापासून पुस्तकाची मांडणी तिला परकी वाटली नाही. हात वहीवरून कधी निघाला ते कळलंही नाही.

नंतर ६१२ भागिले ६ आलं. यात भले भले १२ लिहून मोकळे होतात. तुम्ही खेळातल्या नोटा काढल्यात. शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. शंभराची एकेक नोट सहा जणांना मिळाली. दहाची एकच, ती सहा जणांत कशी द्यायची? मोडली, सुटे बारा झाले, प्रत्येकाला दोन. दहाची नोट कुणालाच आली नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य. १०२. 'तिथे शून्य द्यायचंच असतं' एवढंच ऐकत आलेल्या मुलीला ते शून्य कुठून आलं हे डोळ्यांनी दिसलं.

आणि तुम्ही पाढे सोडले नाहीत, हेही मला लिहायचंय. हल्ली समजून घेणं म्हणजे पाठांतर नको असं काही लोक मानतात. तुमच्या वर्गात रोज पाढे होतात, पावकी आणि निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढेसुद्धा. हाताशी पाढे नसतील तर मोठ्या भागाकारात मूल प्रत्येक पायरीला थांबतं. फक्त तुमच्याकडे पाढा शिक्षा म्हणून येत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या सहलीत तुम्ही मुलांना भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा १२०७ सालचा शिलालेख दाखवलात, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा. घरी येऊन मुलीने मला 'लीलावती'तलं गणित घातलं: १३५ गुणिले १२. मी उभी मांडणी करायला घेतली, तर म्हणाली, "आई, अजून रिती आहेत. भास्कराचार्यांनीच सांगितल्यात." १२ चे ८ आणि ४ करायचे: १०८० आणि ५४०. किंवा १० आणि २: १३५० आणि २७०. कसंही करा, १६२०. ११५० सालच्या ग्रंथात एका गुणाकाराला इतक्या वाटा मोकळ्या होत्या, आणि आमच्या पोरीला एका वेगळ्या वाटेसाठी शून्य मिळालं होतं. मला त्या रात्री फार वाईट वाटलं, आणि तुमच्याबद्दल फार बरं वाटलं.

खेड्यापाड्यातल्या मुलांना वाचन आणि गणित किती येतं हे पाहणाऱ्या 'असर'च्या पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं हीच गणिताची सर्वांत वरची पायरी असते. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या तीसेक टक्के मुलांनाच ती जमली. हे वाचलं की मला उरलेल्या मुलांच्या वह्या दिसतात. त्यातल्या कितींना कुणी "कसं केलंस?" म्हणून विचारलं असेल?

निकाल द्यायच्या आधी विचारून घेणारी माणसं मला आयुष्यात थोडीच भेटली. माझ्या सासूबाईंचं दुखणं त्यांच्याच तोंडून शेवटपर्यंत ऐकून घेणारे एक डॉक्टर. वडिलांच्या अर्जातली चूक दिसल्यावर अर्ज न फेकता "काका, बसा, आपण नीट करू" म्हणणारा एक कारकून. त्यांना वेगळा पगार मिळत नव्हता. तुम्हालाही मिळत नाही, उलट माहिती भरण्याची आणि सर्वेक्षणाची कामं तुमच्या मानगुटीवर असतात, ती मी पाहिली आहेत.

जूनमध्ये धाकट्याचं नाव पहिलीत घालायचंय. नातेवाईक अजून शहरातल्या शाळेचं सुचवतात. आम्ही दोघांनी ठरवलंय, तो तुमच्याच शाळेत येईल. बदलीच्या यादीत तुमचं नाव नसू दे, एवढीच इच्छा आहे. तुमच्या नोटांच्या संचातल्या दहाच्या नोटा फाटल्यात असं कळलं. मुलीने पुठ्ठ्याच्या नव्या कापून ठेवल्यात, सोमवारी घेऊन येते.

तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आई