टीव्ही गेमची चाल संथ का वाजायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत जुन्या टीव्ही गेमच्या गाण्यांवर आलेला मजकूर आणि त्यावरची वाचकांची पत्रे वाचली. त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: मारिओचे किंवा काँट्राचे गाणे आज यूट्यूबवर लावले की ते पळवल्यासारखे वाटते, मूळ गाणे असे नव्हतेच. कानाने फरक बरोबर टिपला आहे, दोष मात्र भलत्यावर गेला आहे. यूट्यूबवरचे गाणे मूळ जपानी यंत्राच्या वेगाचे आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात घरोघरी टीव्हीला जोडला जाणारा संच तेच गाणे साधारण एक षष्ठांशाने संथ वाजवायचा.

कारण गाण्यात नाही, पडद्यात आहे. ते मूळ जपानी यंत्र, म्हणजे निन्टेंडोचे फॅमिकॉम, जपानात 15 जुलै 1983 रोजी विक्रीला आले. तिथले टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवणारे, आपल्याकडचे पाल पद्धतीचे टीव्ही 50 वेळा. या गेममध्ये संगीताचा हिशेब चित्राबरोबर चालतो. एक चित्र रंगवून झाले की गाणे एक पाऊल पुढे सरकते. चित्रे कमी, म्हणून पावले कमी, म्हणून लय धीमी. आपल्याकडे मिळणारे बहुतेक संच निन्टेंडोचे नव्हतेच. तैवान आणि चीनमध्ये बनलेल्या नकला होत्या. त्यांत जपानी गेम जसाच्या तसा असायचा, 50 साठी कुणी बदललेला नसायचा.

आता गंमत अशी की टेप हळू चालली तर लयीबरोबर सूरही उतरतो, इथे मात्र लय उतरली आणि सूर जवळपास जागेवर राहिला. सूर ठरतो तो प्रोसेसरच्या घड्याळावर. जपानी यंत्राचे घड्याळ 1.789773 मेगाहर्ट्झचे. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या यूए6527पी या चिपचे 1.773448. फरक एक टक्क्यापेक्षाही कमी, म्हणजे अर्ध्या स्वराचा जेमतेम सहावा भाग. 440 हर्ट्झचा सूर 436 वर येतो, एवढेच. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या जिल्ह्यात तो कुणाला खटकणार नाही असे म्हणायची हिंमत नाही, पण मुलांना खटकला नव्हता हे नक्की. निन्टेंडोच्या स्वतःच्या युरोपीय यंत्राचे घड्याळ 1.662607 मेगाहर्ट्झचे होते. तिथे न बदललेला गेम अर्ध्या स्वराहूनही जास्त खाली वाजतो. या एका बाबतीत नक्कल अस्सलापेक्षा सुरेल निघाली.

आपला संच कोणत्या वेगाचा, हे मोबाइलच्या स्टॉपवॉचने तपासता येते. मारिओचा पहिला टप्पा सुरू करा आणि त्याला जागेवर उभे ठेवा. वरच्या कोपऱ्यातला वेळ 400 पासून उतरू लागतो. त्यातला एक आकडा म्हणजे 24 चित्रे. 400 पासून 300 पर्यंत यायला 40 सेकंद लागले तर संच 60 चा, 48 लागले तर 50 चा. मधले काही यायला नको. आले तर स्टॉपवॉच उशिरा दाबले गेले.

दुसरा फरक वेगापेक्षा बारीक आहे आणि कुणाच्याच पत्रात आला नाही. या यंत्रांच्या चिपमध्ये आवाजाचे पाच मार्ग. दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा, आणि पाचवा आधी साठवलेले छोटे नमुने वाजवणारा. चौकोनी लहर प्रत्येक फेऱ्यात किती वेळ वर राहते यावर तिचा पोत ठरतो: 12.5, 25, 50 किंवा 75 टक्के. 50 चा आवाज गोल आणि पोकळ, 25 चा भरीव पण थोडा नाकातला, 12.5 चा अगदी बारीक. यूए6527पी आणि तिच्यावरून पुढे निघालेल्या अनेक नकली चिपांमध्ये 25 आणि 50 यांची अदलाबदल झालेली आहे. संगीतकाराने गोल आवाज मागितला तर चिप नाकातला देते, नाकातला मागितला तर गोल. स्वर तोच, ठेका तोच, तरी वाद्य बदलल्यासारखे वाटते. लय कितीही अचूक दुरुस्त केली तरी ‘आपले’ गाणे कानाला पटत नाही, ते यामुळे.

हे संगीत ‘यंत्राने काढलेले टूंटूं’ नव्हते, हेही नोंदवायला हवे. सुपर मारिओ ब्रदर्सचे (1985) संगीत कोजी कोंडो यांचे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2023 मध्ये त्याची मुख्य धून राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळाला. त्यातली पाण्याखालची धून तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये आहे, आणि पोहताना हातपाय जड झाल्यासारखे वाटण्याचे अर्धे श्रेय तिचे. काँट्राच्या घरगुती आवृत्तीचे (1988) संगीत हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा यांचे. बदके मारायच्या डक हंटचे आणि फुग्यांच्या बलून फाइटचे हिरोकाझू तानाका यांचे, मोटारसायकलच्या एक्साइटबाइकचे आकितो नाकात्सुका यांचे. बाँबरमॅनची न संपणारी धून जून चिकुमा या संगीतकर्तीची, आणि किनुयो यामाशिता व सातोए तेराशिमा या दोघींनी 1986 चा कॅसलव्हेनिया सजवला. रणगाड्यांच्या बॅटल सिटीत मात्र टप्पा सुरू होतानाची छोटी सुरावट सोडली तर खेळताना गाणे नाहीच, फक्त इंजिनाची घरघर. तरीही अनेकांना त्याचे गाणे ‘आठवते’.

मर्यादा किती होत्या ते पाहिले की या लोकांची कारागिरी कळते. चौकोनी लहरीला आवाजाच्या 16 पायऱ्या, शून्य धरून. त्रिकोणी लहरीला तेवढ्याही नाहीत. ती एक तर चालू, नाहीतर बंद. म्हणून तिच्याकडे खर्जाचे काम, आणि तिचा सूर झपकन खाली घसरवून ढोलासारखा ठोका. एकाच मार्गावर तीन स्वर सेकंदाच्या साठाव्या भागाने आळीपाळीने फिरवले की कान त्याला स्वरसंघ समजतो. 50 च्या संचावर ही फिरकी मंद होऊन थरथर वेगळी लागते. घुमारा हवा असेल तर दुसऱ्या चौकोनी मार्गावर तीच धून काही चित्रे उशिरा आणि हळू आवाजात. वरच्या सप्तकात चिप मुळातच बेसूर आहे, कारण सूर ठरवण्यासाठी चिपला पूर्ण आकडा द्यावा लागतो आणि तिथे दोन शेजारच्या आकड्यांमधली उडी मोठी: 31 ला सुमारे 3496 हर्ट्झ, 30 ला सुमारे 3608, आणि हवा असलेला 3520 मधेच राहतो. म्हणून चांगले संगीतकार तिकडे फारसे फिरकत नाहीत. त्यात गेमचे आवाजही याच मार्गांवर. मारिओने उडी मारली की चौकोनी मार्गांपैकी एक तेवढ्यापुरता गाण्यातून उठून जातो. उरलेले मार्ग पोकळी जाणवू देत नाहीत, हे कोंडो यांचे कौशल्य. काँट्रात ठेक्याला पाचव्या मार्गावरच्या नमुन्यांची जोड आहे, त्यामुळे तो इतका ठोस लागतो.

आता मुद्द्याचे. हे नकली संच दिवाळीच्या साफसफाईत भंगारात जात आहेत. जपानी गाणे जगभर जपलेले आहे. इथे वाजलेले, संथ आणि उलट्या पोताचे, कुणी जपलेले नाही. ज्यांच्या माळ्यावर संच आहे त्यांनी तो फेकण्याआधी ध्वनिमुद्रित करावा. ते कसे, ते लिहितो.

आधी अ‍ॅडॉप्टर. 9 व्होल्ट लिहिलेला जुना ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅडॉप्टर मोकळा मोजला तर 12-13 व्होल्ट दाखवतो. ते ठीक आहे, आतला 7805 रेग्युलेटर ते 5 वर आणतो. धोका उलट्या जोडणीचा. काही संचांना पिनेच्या मध्यभागी ऋण लागते, काहींना धन, आणि डब्यावर छापलेल्या चित्रावर विसंबू नये. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक 7805 च्या धातूच्या पाठीला लावा, दुसरे सॉकेटच्या एकेका पात्याला. जिथे बीप येईल ते ऋण. हे न पाहता लावलेला चुकीचा अ‍ॅडॉप्टर एका सेकंदात चिप घालवतो, आणि काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखालची चिप गेली की दुरुस्ती नाही.

गेमची कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारू नका. श्वासातली ओल पिनांवर बसते. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात त्या आधीच काळ्या पडलेल्या असतात. पेन्सिलीचा पांढरा खोडरबर 60 पिनांवर दोन्ही बाजूंनी हलका फिरवा, भुकटी ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, आणि दहा मिनिटे वाळू द्या. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पिना गंजतात.

आवाजात जाड, सतत घुंई असेल तर ती बहुधा 100 हर्ट्झची: वीज गाळणारा मोठा कपॅसिटर सुकला आहे. 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा नवा लावा, पट्ट्याची बाजू ऋणाकडे. पडदा उजळला की वाढणारी आणि काळा झाला की कमी होणारी भणभण वेगळी. ती चित्राच्या सिग्नलची आवाजात झालेली गळती. एरियलच्या वायरीऐवजी एव्हीच्या सॉकेटातून आवाज घेतला की ती बरीच उतरते. तरी राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहा.

संच एकसुरी, म्हणजे मोनो आहे; एकच वायर पुरे. स्वस्त यूएसबी साउंड कार्ड घेताना त्याला लाइन-इन आहे ना ते पाहा. फक्त माइकचे भोक असेल तर थेट जोडल्यावर आवाज फाटतो. त्यासाठी सिग्नलच्या वाटेत 10 किलोओहम, तिथून जमिनीला 1 किलोओहम, आणि पुढे माइककडे जाताना 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक माइककडे. आवाज अकराव्या हिश्श्यावर येतो आणि माइकची वीज संचात शिरत नाही. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये मोनो, 44,100 हर्ट्झ, 16 बिट ठेवा. सर्वांत मोठा ठोका उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज सुधारणारी कोणतीही स्वयंचलित सोय बंद करा, ती खरखरीच्या मार्गाला गोंगाट समजून खाऊन टाकते.

मारिओची मुख्य धून उडीच्या आवाजाविना हवी असेल तर त्याला पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीला उभा ठेवा. 50 च्या संचावर 144 सेकंद धून मिळते, मग वेळ 100 वर येतो आणि घाईची चाल सुरू होते. काँट्रात असे उभे राहता येत नाही, शत्रू धावून येतात. तिथे गोळ्यांचा आवाज आला तर येऊ द्या.

मूळ मुद्रण तसेच ठेवून त्याची एक प्रत जपानी वेगाची करता येते. ऑडॅसिटीत चेंज टेम्पोमध्ये 20.2 टक्के वाढवा. चेंज स्पीड वापरले तर सूर तीन अर्धस्वर वर जातो, आणि मग खरोखरच पळवलेले गाणे हाती येते. सूरही नेमका हवा असेल तर चेंज पिचमध्ये 0.92 टक्के. चौकोनी लहरींचा बदललेला पोत मुद्रणातून सुटा करता येत नाही. ज्यांच्याकडे संचच उरलेला नाही त्यांनी संगणकावर मेसेन हा एम्युलेटर (जुन्या यंत्रासारखा वागणारा प्रोग्राम) घ्यावा. त्याच्या सेटिंगमध्ये प्रदेश म्हणून डेंडी निवडा (रशियात विकल्या गेलेल्या अशाच नकलेचे ते नाव) आणि आवाजाच्या पानावर चौकोनी मार्गांची ड्यूटी (लहर वर राहण्याची टक्केवारी) अदलाबदल करण्याच्या खुणेवर टिचकी द्या. जुना संच ज्यांच्या कानात आहे त्यांना पहिल्या चार मात्रांत ओळख पटेल.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव

ता. क. : टेट्रिसच्या ज्या रशियन लोकगीताचा उल्लेख आपल्या पुरवणीत आला, ते 1989 च्या हातातल्या गेम बॉयवरच्या आवृत्तीतले. त्याच वर्षीच्या निन्टेंडोच्या टीव्हीवरच्या टेट्रिसमध्ये ते नाही. तिथे पहिल्या क्रमांकावर चायकोव्हस्की यांच्या नटक्रॅकर या बॅलेतला एक नाच आहे.