आपली गाडी सुरू झाली

डोंबिवली,
२९ ऑगस्ट २०२१

प्रिय शुभा,

एप्रिलपासून तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही, रागावली असशील. आम्ही सगळे बरे आहोत, आईंचा खोकला तेवढा मागे राहिलाय. शुक्रवारी स्टेशनवर सुलभाताई भेटल्या आणि जे झालं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

१५ ऑगस्टपासून लोकल उघडली, पण दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांनाच. सुटं तिकीट नाही, फक्त महिन्याचा पास. मी मध्ये आजारी पडल्यामुळे दुसरा डोस जुलैअखेर मिळाला. गेल्या आठवड्यात पालिकेच्या टेबलासमोर रांग लावली, सर्टिफिकेट नि आधार दाखवून शिक्का घेतला, खिडकीवर पास काढला. हातात आला तेव्हा डोळे भरून आले गं. शुक्रवारी मात्र फलाटावर उभी राहिले आणि एक गाडी सोडली. मग दुसरी. तिसऱ्या गाडीत आपल्या दारात जागाही होती, तरी पाय उचलला नाही.

तेवढ्यात मागून हाक आली. सुलभाताई, मास्क हनुवटीवर, हातात डबा. “आमचा यंदा सण नाही, पण नातीनं नारळाच्या वड्या केल्यात, घे.” आणि मी एक पाऊल मागे सरले. शुभा, ठरवून नाही, आपोआप. त्यांचा हात तसाच पुढे. उघड्या डब्यात पाच-सहा वड्या, कडेची एक मोडलेली. मग त्यांनीच झाकण लावलं, “असू दे गं” म्हणाल्या आणि समोरच्या गाडीत चढल्या.

तुला आठवतं ना, फेब्रुवारीपासून सकाळी सातच्या आत गाडीत बसता येत होतं? एप्रिलच्या मध्यापर्यंत मी आणि सुलभाताई रोज शेजारी, तुझी खिडकी रिकामी ठेवून. मग मला ताप आला, चार दिवसांनी आईंना. त्याच आठवड्यात सुलभाताईंकडे काका आजारी पडले आणि गेले. कुणाकडून कुणाकडे गेलं? घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पण आईंचा ऑक्सिजन ८६ वर आला, त्या रात्री त्यांचं बोट इतकं गार होतं की ऑक्सिमीटर आकडाच दाखवेना. तळहातात धरून ते गरम करताना मनात एकच होतं, हे मी आणलं. काकांच्या बाबतीतही तेच वाटतं. म्हणून भेटायला गेले नाही, फोनवर दोन वाक्यं बोलले. आता मी मागे सरले ते सुलभाताईंना काय वाटलं असेल? मी त्यांना दोष देतेय असं?

२००५ च्या २६ जुलैला तू कमरेएवढ्या पाण्यातून निघालीस आणि मी ऑफिसातच थांबले, त्यावरून तू मला अजून भित्री म्हणतेस. (दुसऱ्या दिवशी दुपारी एकच चप्पल घालून घरी पोचलेली तू, हेही मी विसरलेले नाही!) पण पुढच्या वर्षी पश्चिम रेल्वेत स्फोट झाले, तेव्हा दुसऱ्या दिवशी आपण दोघी गाडीत होतोच की. तेव्हा भीती फक्त माझ्या जिवाची होती. आता गाडीतून उतरल्यावर मी काय घेऊन घरी चाललेय, हेच कळत नाही. नियम म्हणतो चौदा दिवस झाले, जा. पण ऐंशीच्या आईंसाठी किती दिवस, हे कोण सांगणार? ऑफिसनं सप्टेंबरपासून रोज बोलावलंय. दहा तारखेला गणपती, माणसं येणारच. कुणाला ये म्हणू, कुणाला नको, सारखं तेच डोक्यात.

मधुराचं अभिनंदन. परीक्षा न होता टक्के मिळाले म्हणून कुणी टोमणा मारला तर मनावर घेऊ देऊ नकोस, पोरीनं वर्षभर मोबाईलच्या पडद्यात डोळे फोडलेत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? नाशिकला पाऊस?

उद्या संध्याकाळी सुलभाताईंकडे जाणार आहे. आत जाणार नाही, दारातच उभी राहीन, मास्क लावून. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. काकांचं बोलू की आधी वड्यांचं? तू त्यांच्या जास्त जवळची होतीस, सांग ना.

फोन करू नकोस, पत्रच लिही. फोनवर मी नुसतं ‘बरी आहे’ म्हणेन.

तुझी,
नंदा