वडिलांचा वारस लावून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

जळगाव एमआयडीसीतल्या तुमच्या चटई कारखान्यात माझे वडील मशीनवर होते. नोकरीत असतानाच ते गेले. आता आईची पेन्शन सुरू झाली आहे, विम्याचे पैसेही तिच्या खात्यात जमा झाले. तुमच्या हुद्द्यापुढे फक्त 'एचआर असिस्टंट' लिहिलेलं असतं. त्या खुर्चीत बसून तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते चारचौघांत सांगावंसं वाटलं.

वडिलांच्या आधारवर शाळेतली १ जून होती, पीएफच्या खात्यात जन्मतारीख दुसरीच. आपल्याकडे घरोघरी कुणी ना कुणी १ जूनचं असतं, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "रिटायर होताना बघू," म्हणायचे. तुम्ही पिच्छा सोडला नाहीत. शाळेचा दाखला आणायला लावलात, जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसवून तारीख दुरुस्तीचा अर्ज, ते जॉइंट डिक्लेरेशन, भरून घेतलंत. मग पीएफच्या खात्याला वारस, म्हणजे नॉमिनी, लावायचा म्हणून मला फोन केलात: आईला पांढऱ्या भिंतीपुढे उभं कर, पदर कपाळावर येऊ देऊ नकोस, चेहरा नीट दिसू दे. तो फोटो मी अंगणातच काढला होता.

हजेरी, ओव्हरटाइमचा हिशोब, रजेचे अर्ज, नव्या पोरांची ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याची नोंदणी, हे सगळं सांभाळून तुम्ही प्रत्येक कामगाराचा वारस तपासत होतात. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचे कागद नावातल्या फरकापायी परत परत येत आहेत. ते बघते तेव्हा तुमची आठवण येते.

वडील गेल्यावर तुम्ही घरी आलात आणि आईला समजेल असं बोललात. पीएफला जोडलेला विमा असतो, तो जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळतो, त्याचा हप्ता मालक भरतो. धाकट्यालाही २५ वर्षांचा होईपर्यंत पेन्शन मिळेल. यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. कुठे अंगठा, कुठे सही, ते तुम्ही पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलं होतं. आईला कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत, ताई. याचे आभार कसे मानू?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वडिलांची घागर भरायची आहे. आई खापरावर मांडे करणार आहे. तुम्ही जेवायला यायचंच, असा तिचा निरोप आहे. धरणगाव स्टेशनवर धाकटा घ्यायला येईल.

तुमची,
मशीनवाल्या आप्पांची मुलगी