जादा तासांची वही: मुलास पत्र

कराड, जि. सातारा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्हा पार्सल-गाडी चालकांच्या संघटनेने कंपनीशी केलेला करार तू व्हॉट्सॲपवर पाठवलास, तो मी छापून घेऊन दोन वेळा शांतपणे वाचला. करार चांगला आहे. आठ तासांच्या वरचे काम चालकाच्या लेखी संमतीशिवाय द्यायचे नाही, जादा तासांना दुप्पट दर, साप्ताहिक सुट्टी मोडली तर बदली सुट्टी, आणि तक्रार संघटनेच्या प्रतिनिधीमार्फत सात दिवसांत ऐकायची, ही चारही कलमे नीट शब्दांत लिहिलेली आहेत. पण फोनवर तू म्हणालास की करार कागदावर ठीक आहे, तो वापरायचा कसा. हबचा, म्हणजे पार्सले जिथून वाटपाला निघतात त्या केंद्राचा, इनचार्ज आपल्याच तालुक्यातला, त्यानेच तुला तिथे चिकटवले, आता त्याच्याच नावाने अर्ज कसा द्यायचा. तुझ्या या बोलण्यामुळे मी हे सविस्तर पत्र लिहायला बसलो आहे.

माझी उभी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली, त्यामुळे तास, पाळी, मस्टर आणि ओव्हरटाइम या गोष्टी मी फार जवळून पाहिल्या आहेत. गळीत हंगामात रात्रपाळीचा रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, आला नाही की बॉयलरवरचा माणूस तसाच पुढच्या पाळीला थांबवला जाई. ज्याच्याकडे चार्जहँडच्या, म्हणजे पाळीवरच्या मुख्य कामगाराच्या, सहीची ओव्हरटाइम स्लिप असे, त्याचे तास रजिस्टरला चढत आणि पगारात दुप्पट दराने निघत. साहेबाच्या तोंडी शब्दावर जो थांबला, त्याच्या तासांचा महिनाअखेरीस कुणालाच पत्ता नसे. बॉयलरवरचा एक फायरमन मात्र खिशात वीतभर वही ठेवायचा. काजळीने काळ्या झालेल्या बोटांनी तो रोज त्यात तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि थांबायला कोणी सांगितले त्याचे नाव लिहायचा. प्रत्येक पानाच्या कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटलेला असे. एका हंगामात त्याच्या आणि आमच्या रजिस्टरच्या तासांत फरक आला तेव्हा व्यवस्थापनाने ती वही मागवून घेतली, गेटवरच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि त्याची सगळी रक्कम काढून दिली. त्या वेळी त्याच्यासोबत युनियनचा प्रतिनिधी बसला होता, हेही सांगितले पाहिजे, कारण एकट्या माणसाची वही साहेबाने उघडली असती की नाही याची मला खात्री नाही.

टाइम ऑफिसच्या खुर्चीतून मला आणखी एक गोष्ट दिसली, ती बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. वरच्या कचेरीत फक्त कागद पोचतो. बॉयलरवर तीन माणसांचे काम दोघे करत असतील आणि त्या दोघांचे जादा तास कुठेच लिहिले जात नसतील, तर वरच्या साहेबाच्या दृष्टीने दोन माणसे पुरेशी असतात आणि तिसऱ्या जागेची मंजुरी कधीच येत नाही. ओव्हरटाइमचा आकडा फुगला की मगच विचारणा होते, आणि मगच रिलीव्हरची भरती होते. तुझ्या हबवर हेच चालले आहे. सकाळी साडेसहाला तुम्ही आत जाता, लोडिंग आणि स्कॅनिंगला दीड-दोन तास जातात, ते तास कोणी मोजत नाही. रात्री परत येऊन रिटर्न पार्सल उतरवणे आणि कॅश जमा करणे यात तासभर जातो, तोही मोजत नाही. मोजतात ते फक्त गाडी गेटबाहेर पडल्यापासूनचे. मग वरच्या कचेरीला वाटते की एका चालकाला एवढा रूट सहज झेपतो.

कायद्याने हे सगळे तास कामाचेच आहेत. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला, त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, सलग पाच तासांपेक्षा जास्त काम होण्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे मिळाले पाहिजेत असे ठरवले. गाडी चालवण्याखेरीज त्या गाडीसाठी केलेले इतर कामही त्या कायद्याने कामाच्या वेळेत धरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांतल्या एका संहितेत सामावला गेला. तिच्यातही आठ तासांचा दिवस आहे, जादा कामाला दुप्पट वेतन आहे, आणि जादा काम कामगाराच्या संमतीनेच घ्यायचे असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे तुमच्या करारातले संमतीचे कलम ही कंपनीने दाखवलेली मेहेरबानी आहे असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नको.

तुझ्या मामाचा जावई अमेरिकेत पार्सलची गाडी चालवतो, हे तुला ठाऊक आहे. गणपतीत तो आला होता तेव्हा मी त्याला मुद्दाम बसवून विचारले. तिकडे यूपीएस ही पार्सलची मोठी कंपनी आहे आणि तिच्या सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांचा करार टीमस्टर्स ही संघटना करते. सध्याचा करार २०२३ साली झाला आणि तो ३१ जुलै २०२८ पर्यंत आहे. त्या करारातली साडेनऊ तासांची यादी मला फार शहाणपणाची वाटली. ज्या चालकाला जादा तास नको असतील त्याने आपले नाव त्या यादीत घालायचे. मग एका आठवड्यात तीन दिवस त्याला साडेनऊ तासांच्या वर राबवले, तर तो तक्रार दाखल करू शकतो आणि कंपनीला दंड म्हणून जादा वेतन मोजावे लागते. ज्याला जादा पैसे हवे आहेत त्याने यादीत नाव घालू नये, त्याला कोणी अडवत नाही. त्याच करारात सुट्टीच्या दिवशी चालकाला सक्तीने कामावर बोलवायचे नाही, असेही ठरले.

हे तुला एवढ्यासाठी सांगतो की तुमच्या हबवर संघटनेत फूट पाडायला हाच मुद्दा वापरला जातो आहे. ज्यांच्या डोक्यावर फ्लॅटचे हप्ते आहेत त्यांना सांगितले जाते की तक्रार करणारे तुमचा ओव्हरटाइम बुडवायला निघाले आहेत. त्या मित्रांवर रागावू नको. त्यांना समजावून सांग की आपली मागणी ओव्हरटाइम बंद करण्याची नाही. ज्याला नको त्याला तो लादू नये आणि ज्याला हवा त्याला दुप्पट दराने मिळावा, एवढीच आहे. दुप्पट दर खरोखर मिळू लागला तर त्यांचाच हप्ता कमी तासांत निघेल.

जावयाने सांगितलेली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिकडे १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की ज्या चौकशीतून शिक्षा होऊ शकते अशा चौकशीला बोलावल्यावर कामगार आपल्या संघटनेचा प्रतिनिधी मागू शकतो. पण तो त्याने स्वतः मागावा लागतो, मालकाने आठवण करून देण्याचे बंधन नाही. आपल्याकडेही खातेनिहाय चौकशीत सहकारी कामगाराची किंवा युनियनच्या पदाधिकाऱ्याची मदत घेता येते, हे मी कारखान्यात कितीदा पाहिले आहे. म्हणून तुला केबिनमध्ये बोलावले की दारातच सांग, प्रतिनिधी आल्यावर बोलू. कारणे दाखवा नोटीस दिली तर तिची प्रत घे, "मिळाली" एवढेच लिहून तारीख आणि वेळ टाकून सही कर, आणि उत्तर तोंडी देऊ नको. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नको, मग समोर कितीही ओळखीचा माणूस असो. संघटनेत आहे म्हणून चालकाला कमी करण्याची धमकी देणे किंवा सूडाने कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रात १९७१ सालीच कायदा झालेला आहे.

तुझी एक सवय मला खटकते. रूट वेळेत उरकावा म्हणून तू जेवणाची सुट्टी घेत नाहीस, गाडीतच एका हाताने वडापाव खात पुढचा पत्ता शोधतोस, असे सूनबाईने तुझ्या आईला सांगितले. त्या अर्ध्या तासात तू जी पार्सले टाकतोस ती ॲपमध्ये नोंदली जातात, आणि पुढच्या आठवड्याची रनशीट, म्हणजे रोजच्या वाटपाची यादी, त्याच वेगावर बेतली जाते. मग तुझा वेग सगळ्या चालकांच्या गळ्यात पडतो. जेवणाची सुट्टी पूर्ण घे. गाडी बंद करून, उतरून, हात धुऊन जेव. मुद्दाम रेंगाळू नको, कारण ते कामात कसूर ठरेल आणि आपली बाजू लंगडी पडेल. पण नियमाने, सुरक्षित चालवून जेवढे काम होते तेवढेच काम एका दिवसाचे समजावे.

सुरक्षिततेचे तर मी तुला कळकळीने सांगतो. सतत सतरा तास जागा असलेल्या माणसाच्या हातांची चपळाई आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखे मंदावते, असे संशोधनात दिसून आले आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारूची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्ताला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठून रात्री दहानंतर व्हॅन चालवणारा चालक दारूचा थेंब न पिताही त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो, फक्त पोलिसांच्या यंत्रात ते दिसत नाही. आणि काही विपरीत घडले तर गुन्हा चालकावर नोंदवला जातो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या वेळी आठ तासांनंतरची दुसरी फेरी कोणी लावली हे सांगायला तुझ्याकडे कागद नसेल, तर तुझ्या शब्दाला कोण विचारणार?

आता इनचार्जच्या उपकाराचे. त्याने तुला नोकरी लावली हे मी विसरलेलो नाही. त्याच्या घरच्या कार्याला जा, अडचणीला धावून जा, आपल्या घरचा गूळ आणि इंद्रायणीचे तांदूळ त्याच्याकडे पोचव. हा आपला धर्मच आहे. पण रात्रीची दुसरी फेरी या उपकाराच्या खात्यात धरता येत नाही, कारण त्या फेरीची कमाई त्याच्या घरात जात नाही, कंपनीकडे जाते. शिवाय त्याच्यावरही वरून टार्गेटचा दाब आहे. तुझी लेखी नकाराची नोंद त्याच्या हाती असेल, तर तो वर सांगू शकेल की चालक संमती देत नाहीत, आणखी एक गाडी आणि माणूस द्या. तू गप्प राहून गाडी नेत राहिलास तर त्याला तेवढेही सांगता येत नाही.

आपल्या मुलखाला ही गोष्ट नवीन नाही. मुंबईत पाठीवर गोणी वाहणारी हजारो माणसे याच जिल्ह्यातल्या डोंगराळ गावांतून गेली, आणि त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटीलही आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यातले. त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. तोवर टोळीच्या मुकादमाच्या मर्जीवर असलेली मजुरी त्यानंतर मंडळामार्फत हिशेबाने मिळू लागली, मालकांकडून वसूल होणाऱ्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना उभा राहिला. त्याच्याही आधी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला होता. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. सह्या करणाऱ्यांपैकी कित्येक जण आपल्याच गावच्या जॉबरने, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाने, कामावर लावलेले असतील, आणि तरीही त्यांनी सही केली.

तेव्हा उद्यापासून एक वही कर. गेटमधून आत गेल्याची वेळ, गाडी बाहेर काढल्याची वेळ, जेवणाची सुट्टी, शेवटचे स्कॅन, कॅश जमा केल्याची वेळ आणि किलोमीटरचे सुरुवातीचे व शेवटचे आकडे रोज लिही. दुसरी फेरी सांगितली आणि ती झेपणार नसेल तर वाद न घालता मेसेज कर: "माझे आठ तास पूर्ण झाले आहेत, जादा कामास माझी संमती नाही." आपखुशीने केलीस तर तेही लिही, म्हणजे दुप्पट दर मागता येईल. आणि अर्ज एकट्याच्या नावाने देऊ नको. चार-पाच जणांच्या वह्या जमल्या की प्रतिनिधीमार्फत एकत्र द्या.

वहीच्या पानांचे फोटो दर रविवारी मला पाठवत जा. तासांची बेरीज आणि दुप्पट दराचा तक्ता मी करून देतो. बाकीच्या चालकांचेही पाठवले तरी चालेल. कराराच्या तिसऱ्या पानावर "अपवादात्मक परिस्थिती" असा शब्द आहे आणि त्याची व्याख्या कुठेच दिलेली नाही. पहिल्या बैठकीत प्रतिनिधीला तेवढे विचारून घे, कारण सणासुदीच्या हंगामात त्याच शब्दाच्या आधारे तुमच्या सुट्ट्या रद्द होतील असे मला वाटते.

तुझ्या आईची तब्येत बरी आहे. सूनबाईस आणि नातवास आशीर्वाद.

तुझे,
आबा