जांभळ्या पिनीचा कीबोर्ड

अंकल,

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हीच सांगितलंत की शाळेत देवनागरी कधी आलीच नाही, कोंकणी वाचायची ती रोमीत. म्हणूनच जरा मोकळं लिहितेय, तोंडावर एवढं बोलले असते तर तुम्ही हेल्मेट चढवून चालू पडला असता. कोणीतरी वाचून दाखवेलच, म्हापशात मराठी वाचणाऱ्यांचा काय तुटवडा नाही. वाचून दाखवणाऱ्याला एकच विनंती, मधले शिव्यांचे भाग गाळू नका. त्या अंकलना नाहीत.

बाकीच्यांना थोडं मागचं सांगायला हवं. साखळीत आमची लहानशी प्रेस आहे, बाबांनी सुरू केलेली, ते गेल्यावर मी चालवते. जूनमध्ये पहिल्याच गडगडाटात बाबांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क वाचली. तिच्यात काय काय आहे ते कुणाला सांगून पटत नाही. वीसेक वर्षांच्या उत्सवपत्रिका, नाटकांची हँडबिलं, पावती पुस्तकं, अर्ध्या गावाची लग्नं, आणि एका फोल्डरात धालोची नि फुगडीची, म्हणजे बायकांच्या नाचांची गाणी, आई सांगत जायची आणि बाबा टाईप करत जायचे. सगळं पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि युनिकोड ही सगळ्यांची सामाईक अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टांत. त्या फॉन्टांत 'क' हा कॉम्प्युटरच्या लेखी क नसतोच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट नसला की फाईल उघडते पण समोर येते ती इंग्रजी अक्षरांची आणि चित्रविचित्र चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टर लावून पाहिले. 'कार्तिक पौर्णिमा' एवढे दोन शब्द धड उतरेनात, रफार भलत्याच्या डोक्यावर आणि वेलांटी तिसरीकडेच लोंबकळतेय. फॉन्टचं सॉफ्टवेअर चालायला यूएसबीला एक लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी, लावावा लागतो, आणि त्या लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारा प्रोग्राम, विंडोज 7 च्या 32-बिटवर येऊन थांबलाय. पुढे नाहीच. म्हणून मला सेव्हन हवं होतं, हौस म्हणून नाही. विंडोज 7 आलं 2009 च्या ऑक्टोबरात आणि 14 जानेवारी 2020 नंतर त्याला सुरक्षेचे मोफत अपडेट मिळणं थांबलं, हे मलाही माहीत होतं, पण मला दहाव्यांदा तेच ऐकवण्यात लोकांना कसला आनंद मिळत होता देव जाणे.

आता शिव्या.

पहिला दुरुस्तीवाला म्हणाला, बाई, हे म्युझियममध्ये द्या. हसला, आणि हसायचेही पैसे घेतले, तपासणी फी म्हणून. दुसऱ्याने मला एक रिफर्बिश्ड मशीन विकलं, सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, 8 जीबी रॅम, उभा डबा, यावर सेव्हन आरामात बसतं म्हणाला, आणि पेनड्राईव्ह लावून सुरू केल्यावर भाषा निवडायच्या पहिल्याच पडद्यावर माऊस मेला, कीबोर्ड मेला. त्याने दुसरा कीबोर्ड लावला, तोही मेला. मग म्हणाला तुमच्या लाईटचा प्रॉब्लेम आहे. तिसरा फोनवर होता, नात्यातलाच, पुण्याला इंजिनियर आहे, त्याने अकरा टाकून मोकळी हो असा सल्ला दिला. विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी लागते, या मशीनवर ते अधिकृतपणे बसतच नाही, एवढंही त्याने बघितलं नव्हतं. आणि चौथा, त्याच्याबद्दल लिहिताना अजून हात कापतो, त्याने बाबांची हार्ड डिस्क नव्या मशीनला जोडली आणि फॉरमॅट करूया का असं विचारता विचारताच बटणाकडे हात नेला. मी ओरडले. शेजारच्या सलूनमधून लोक धावत आले.

ह्या सगळ्यांत एकानेही विचारलं नाही की तुला हे कशाला हवंय.

तुम्ही विचारलंत, आणि तुम्ही तर कामाला आलाच नव्हता. तुमचा मित्र चवथीच्या पावती पुस्तकांची चौकशी करायला आला आणि तुम्ही त्याच्याबरोबर नुसते दारात पाऊस थांबायची वाट बघत उभे होता. पुस्तकं का छापून झाली नाहीत ते मी त्याला रडकुंडीला येऊन सांगत होते, तेवढ्यात तुम्ही आत येऊन न विचारता स्टूल ओढून बसलात. मशीन चालू करायला लावलंत. पडद्याकडे बघितलंच नाही, कीबोर्डावरच्या नमलॉकच्या दिव्याकडे बघत राहिलात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रामात, दिवा पेटतोय, सेव्हनचा पडदा आला की विझतोय. म्हणालात, हो मरूंक ना, ताका कोण वळखना. मेलेला नाही, त्याला कोणी ओळखत नाहीय.

मग जे सांगितलंत ते मी आता गिऱ्हाइकांना सांगून भाव खाते. बायोस स्वतः यूएसबी सांभाळतो तोवर कीबोर्ड चालतो. सेव्हनने कारभार हातात घेतला की ते आपल्याजवळचे ड्रायव्हर काढतं, आणि त्यात यूएसबी 3 चा ड्रायव्हर नाही, तो विंडोजमध्ये आला 2012 च्या आठमध्ये. आधी यामुळे अडत नसे कारण मशीनमध्ये जुना यूएसबी 2 चा कंट्रोलरही असायचा. 2015 च्या सहाव्या पिढीबरोबरच्या चिपसेटमधून इंटेलने तो काढूनच टाकला, त्यामुळे काळ्या पोर्टात लावा नाहीतर निळ्या, जातं सगळं नव्याच दारातून. तुमच्या शब्दांत, घराला दार नवं बसवलंय आणि आतला म्हातारा अजून जुन्या दाराकडे डोळे लावून बसलाय. चाळीस वर्षं तारवार, म्हणजे जहाजावर, काढलेल्या माणसाला हे कसं माहीत असं मी विचारलं तर म्हणालात, जहाजावर मशीन जुनं झालं म्हणून कोणी समुद्रात टाकत नाही.

मशीनच्या मागे वाकून बघितलंत, बोटाने चाचपलंत, एक गोल जांभळं भोक सापडलं. पीएस-टू, कीबोर्डाचं जुनं पोर्ट. त्याला ड्रायव्हर-बिव्हरची भानगड नाही, सेव्हन त्याला जन्मापासून ओळखतं. "घरा आसा म्हजेकडेन," एवढं बोललात आणि उठलात. मला वाटलं, झालं, हेही आता पुढच्या आठवड्यात. असं म्हणून गेलेली माणसं मी खूप बघितली होती.

शुक्रवार होता. म्हापशाला बाजाराची गर्दी, पाऊस असा की समोरचा माणूस दिसेना, आणि तुम्ही साखळीहून डिचोली, अस्नोडा करत म्हापशाला गेलात आणि तसेच परत आलात, स्कूटरवर, वयाच्या सत्तरीत. दुपारी अडीचला दारात उभे. रेनकोट अंगावर नव्हता. तो कीबोर्डाला गुंडाळला होता, वर सुतळी, आणि तो पुडका पोटाशी धरून तुम्ही निथळत होता. मी टॉवेल आणायला धावले तर तुम्ही टॉवेल घेतलात आणि आधी कीबोर्डाची वायर पुसलीत, मग ती जांभळी पिन, एकेक काडी बघून, आणि मग डोकं.

अंकल, मला विंडोज बसल्याचा आनंद झालाच, पण मी रात्री घरी जाऊन रडले ती त्या रेनकोटासाठी. दोन महिने माझ्या बाबांच्या कामाला जो तो भंगार म्हणत होता आणि एका माणसाने त्याच्यासाठीच्या कीबोर्डाला आपला रेनकोट घातला. गोंयकारपणावर भाषणं ऐकून आमचे कान किटलेत, दर निवडणुकीला नवीन ऐकतो, हा कोण आणि तो कोण, कुणाची भाषा कुठली. आणि इथे ज्या माणसाला देवनागरी येत नाही तो मराठी फॉन्टांसाठी भिजतोय, यावर कोणी भाषण करत नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगते कारण मला सगळं कळलेलंही नाही. बायोसमध्ये सेक्युअर बूट बंद, लेगसी, म्हणजे सुरू व्हायची जुनी पद्धत, चालू, कारण 32-बिट सेव्हन यूईएफआय या नव्या पद्धतीवर उठतच नाही. कीबोर्ड चालला, आपण टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच पडद्यावर मशीन म्हणालं की सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही. पेनड्राईव्ह लावलेला असताना सीडी कुठून आली? तुम्ही हसलात, फट मारता, खोटं बोलतंय, ते पेनड्राईव्हलाच शोधतंय पण नाव दुसऱ्याचं घेतंय. मग बाबांच्या मेलेल्या मशीनमधला डीव्हीडी रायटर तुम्ही काढलात आणि या मशीनमध्ये बसवलात, बाबांच्या कपाटातली सेव्हनची डीव्हीडी मी काढून दिली, आणि सगळं इन्स्टॉल माऊसशिवाय झालं, टॅब, बाण, एंटर, टॅब, बाण, एंटर. यूएसबीचा ड्रायव्हर तुम्ही सीडीवर घालूनच आणला होता, म्हापशाला गेलात तेव्हाच हे डोक्यात होतं तर! पेनड्राईव्हवर आणला असता तर तो वाचणार कोण. रॅम 8 ची असून तीन-साडेतीनच दिसते म्हणून मी घाबरले तर म्हणालात 32-बिटला 4 च्या पलीकडे वापरता येत नाही, आणि पेजमेकरला तेवढी जेवायला घातली तरी अजीर्ण होईल.

लॉक लावला. त्याचा बारकासा हिरवा दिवा पेटला. जूननंतर पहिल्यांदा.

तुम्ही अजून एक केलंत, नेटची वायर काढून माझ्या हातात दिलीत. या मशीनला नेट म्हणून लावायचं नाही, फाईल पीडीएफ करून पेनड्राईव्हने दुसऱ्या मशीनवर न्यायची, आणि तो पेनड्राईव्ह आधी तिकडे तपासायचा. वायर मी कपाटाच्या वर टाकलीय. बाबांच्या डिस्कची कॉपीही काढलीय, दोन काढल्यात, चौथ्या महाशयांची आठवण म्हणून एक जास्त.

पैशांचं नाव काढल्यावर तुम्ही रागावलात. भाजी-पाव खाल्लात, दुधाशिवायचा चहा घेतलात. आणि निघताना मी सहज बाबांचा तो फोल्डर उघडला, गाण्यांची पहिलीच फाईल, सगळी अक्षरं जागच्या जागी, रफारासकट. तुम्ही हेल्मेट हातात धरून पडद्याकडे बघत विचारलंत, थंय कितें बरयलां? तिथे काय लिहिलंय? मी वाचायला लागले. चार ओळी वाचल्या आणि पुढची तुम्हीच गुणगुणलात, शब्द थोडे वेगळे होते, पण चाल तीच. तुमची आई शेतावर कामाला जायची तिथल्या बायकांकडून ऐकलं होतं म्हणालात. मग तुम्ही परत स्टूलावर बसलात आणि मी पूर्ण फाईल वाचली. पाऊस तोवर थांबला होता, हे आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

देव बरें करूं, अंकल.

पावती पुस्तकं वेळेत गेली. कीबोर्ड इथेच आहे, तुम्ही नेला नाही आणि मी आठवण करणार नाही, यूएसबीवाला आता चालतो तरी मी त्याच्यावरच टाईप करते. त्याचं एंटर जरा अडकतं. रेनकोट मात्र धुऊन, वाळवून, घडी घालून काऊंटरखाली ठेवलाय, तो न्यायला चवथीच्या दुसऱ्या दिवशी या. नेवऱ्या ठेवते.