बाबा, यंत्राबद्दल सविस्तर

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नीट सांगता आलं नाही. ‘लाकूडकामाचं यंत्र घेतलंय’ म्हटल्यावर बाबांनी विचारलं, ‘करवतीचं?’ मी हो म्हणाले आणि बाबा गप्प झाले. बाबांचं ते गप्प होणं मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून आज सगळं पहिल्यापासून लिहितेय. आई, तू हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे तुझंही वाचून होईल.

यंत्र नवीन नाही, वापरलेलं आहे. पाच कामं करतं. मूळ कल्पना हान्स गोल्डश्मिट यांची. अमेरिकेत १९४७ साली त्यांचं ‘शॉपस्मिथ’ बाजारात आलं, आणि पन्नासच्या दशकात त्याचीच सुधारलेली ‘मार्क ५’ आली. माझ्याकडे आहे ते मार्क ५. बाबा, तुम्हाला रचना आवडेल. एक मोटर, एक दांडा आणि दोन लांब पोलादी नळ्या. नळ्यांवर मोटरचं डोकं पुढे-मागे सरकतं. दांड्यावर १० इंची पातं चढवलं की गोल करवत. पातं उतरवून १२ इंची डिस्क लावली की घासायचं यंत्र. टेबल काढून समोर टेलस्टॉक, म्हणजे लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग, बसवला की लेथ (लाकूड फिरवून गोल करायचं यंत्र), आणि त्यावर ३४ इंच लांबीचा तुकडा बसतो. चक, म्हणजे ड्रिलचं पातं धरणारी पकड, लावला की आडवं ड्रिल. मग नळ्यांसकट सगळं उभं केलं की उभं ड्रिल. जागा लागते साधारण ६ फूट बाय २ फूट. माझ्या खोलीत पाच वेगळी यंत्रं कधीच मावली नसती.

त्याचे तोटेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की लेक भाळली. टेबल लहान आहे आणि उंच आहे. प्लायवुडचा पूर्ण पत्रा त्यावर कापणं धोक्याचं, तो मी आधी जमिनीवर आधार देऊन हातकरवतीने छोटा करून घेते. तिरका काप घ्यायचा असेल तर पातं झुकत नाही, टेबल झुकतं, त्यामुळे लांब फळी घसरू पाहते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे करवतीवरून ड्रिलवर गेलं की करवतीची मांडणी मोडते. एक तुकडा कमी पडला म्हणून परत आलं, तर तेच माप पुन्हा तंतोतंत लागेल याची खात्री नाही. त्यामुळे सगळे काप आधी, सगळी भोकं नंतर, आणि प्रत्येक मापाचा एक तुकडा जास्तीचा. काम सुरू करण्याआधी कागदावर क्रम लिहावाच लागतो. बाबा, तुम्ही दाराच्या चौकटीला हात लावण्याआधी दोन दिवस नुसता हिशोब करायचात, आणि मला वाटायचं की बाबा वेळ घालवतायत. आता रोज तेच करते.

घेताना घाई केली नाही. आधी एक यंत्र पाहिलं होतं. दिसायला लखलखीत होतं, पण चालू केल्यावर वेग कमी असताना आतून ठकठक यायला लागली. विकणारे म्हणाले, गरम झालं की थांबते. ती थांबेपर्यंत मी तिथे थांबले. थांबली नाही. परत आले.

हे दुसरं एका आजोबांचं. मनगटं दुखतात म्हणून त्यांनी काम सोडलं होतं. यंत्र बरीच वर्षं झाकून ठेवलेलं होतं, आणि त्यांनी स्वतःच आधी दोष सांगितले: नळ्यांना गंज आहे, बेल्टला भेगा पडल्यात, पात्यावरचं संरक्षक झाकण हरवलंय. मग मी माझी तपासणी केली. पातं उतरवून दांडा हाताने वर-खाली हलवून पाहिला, खडखड नव्हती, म्हणजे बेअरिंग शाबूत. क्विल, म्हणजे दांडा पुढे-मागे नेणारी नळी, पुढे ओढून सोडली तर स्प्रिंगने नीट मागे गेली. नळ्यांवरून नख फिरवलं. गंज वरवरचा होता, खड्डे पडलेले नव्हते. खड्डे असते तर डोकं कधीच सुरळीत सरकलं नसतं, आणि मी ते घेतलं नसतं. मोटर चालू करून वेगाची चकती सगळ्यात कमीपासून जास्तपर्यंत आणि परत खाली आणली. आवाज चढला आणि उतरला, कुठे अडखळला नाही.

ही चकती बाबांनी नीट समजून घ्यावी असं मला वाटतं, कारण खरा धोका तिथे आहे. वेग मिनिटाला ७०० फेऱ्यांपासून ५,२०० पर्यंत जातो. आतल्या पुलीची रुंदी कमी-जास्त होऊन तो बदलतो, त्यामुळे चकती फक्त यंत्र चालू असतानाच फिरवायची. बंद असताना जोर लावला तर आतले भाग बिघडतात. आता समजा, काल मी जास्त वेगावर काम करून तसंच बंद केलं, आणि आज लेथवर चौकोनी, जड ठोकळा चढवून बटण दाबलं. तो ठोकळा पहिल्याच क्षणी त्या वेगाने फिरेल आणि सुटून अंगावर येऊ शकतो. आजोबांनी डोक्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवला होता, ‘बंद करण्याआधी वेग खाली’. कागद पिवळा पडलाय. तो मी काढला नाही.

आणल्यावर पहिले काही आठवडे मी फक्त साफसफाई केली. वजन ९० किलोच्या आसपास, चार जणांनी उतरवलं. नळ्या अगदी बारीक स्टील वूल आणि रॉकेलने घासल्या, पुसून कोरड्या केल्या आणि मेणाचा हात दिला. सिलिकॉनचा फवारा मुद्दाम टाळला, कारण तो लाकडाला लागला की त्यावर पॉलिश बसत नाही. बेल्ट नवीन टाकला. आतला वर्षानुवर्षांचा भुसा ब्रशने काढला आणि पुलीच्या दांड्यांना तेलाचे थेंब दिले. मोटरवरच्या पट्टीवर लिहिलेला विजेचा दाब आणि घरचा पुरवठा जुळतो हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं, आणि त्यासाठी वेगळा प्लग काढला. बारीक वायरची एक्स्टेन्शन मी वापरत नाही.

झाकण मिळेपर्यंत पातं चढवलंच नाही. दीड महिना गेला. तेवढ्यात लेथ शिकले. झाकण आल्यावर मग टेबल जुळवायला बसले. पात्याच्या एका दातावर खडूने खूण केली. तो दात पुढे आणून टेबलातल्या खाचेपासूनचं अंतर मोजलं, मग तोच दात हाताने फिरवून मागे नेला आणि परत मोजलं. मागे अर्धा मिलिमीटर जास्त भरलं. एवढ्याशा फरकानेही लाकूड पात्याला घासतं, कड जळते, आणि पातं ते उलटं फेकू शकतं. टेबलाखालचे बोल्ट सैल करून, हळूच ठोकून, पुन्हा मोजून. पाचव्या खेपेला दोन्ही अंतरं सारखी आली. रात्रीचे अकरा वाजले होते. तेव्हा तुमची फार आठवण आली, बाबा. गुण्या लावून एक डोळा मिटून पाहायचात ना, तशीच मी वाकून बसले होते.

आई, आता तुझ्यासाठी. हातात काही घालत नाही, अंगठीसुद्धा नाही. केस वर बांधते. बाह्या दुमडते. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, नाकातोंडाला मास्क, कारण बारीक भुसा फुप्फुसात जातो. हातमोजे मात्र घालत नाही, फिरत्या यंत्रात मोजा अडकला तर तो हातही ओढतो. पात्याच्या थेट मागे उभी राहत नाही, आणि शेवटचा तुकडा काठीने ढकलते, बोटांनी नाही. पातं बदलताना प्लग काढून समोर ठेवते, मला दिसेल असा. थकले असेन तर त्या दिवशी यंत्राला हात लावत नाही.

आता हे सगळं कशासाठी, ते. गेल्या खेपेला आले तेव्हा आई सोफ्यावरून उठताना दोनदा मागे बसली. म्हणाली, ‘गुडघे कुरकुरतात, काही नाही.’ सोफा खोल आहे आणि बुटका आहे, उठताना हाताला धरायला काही नाही. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक खुर्ची आहे. या यंत्रावर ती जशी होईल तशी मांडून ठेवलीय: पाय आणि त्यांना जोडणाऱ्या काठ्या (त्यांना मी ‘आडव्या’ म्हणते) लेथवर गोल करायच्या, आडव्यांची टोकं गोल कुसवासारखी, म्हणजे भोकात बसतील अशी, उतरवायची, आणि पायांतली भोकं ड्रिलने पाडायची, टेबलाला कोन देऊन. आडव्या पूर्ण सुकलेल्या लाकडाच्या आणि पाय थोडे ओलसर. पाय सुकताना भोकं आवळतात आणि सांधा घट्ट धरतात. मागची पाठ जोडायच्या खाचा मात्र ड्रिलने भोकं ओळीत पाडून तुमच्या पटाशीने साफ करणार आहे. तुम्ही मला दिलेली ती पाऊण इंची. धार लावून ठेवलीय.

माझ्याकडे नाहीत ती फक्त मापं. बाबा, तुम्ही घ्या. आईला तिच्या रोजच्या चपला घालून कठड्यावर ताठ बसवा, पावलं जमिनीवर सपाट. जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतची उंची. त्या खोबणीपासून कमरेच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी. बसल्या जागेपासून वाकवलेल्या कोपरापर्यंतची उंची, म्हणजे खुर्चीचे हात किती वर घ्यायचे ते कळेल. आईने श्वास रोखून ताठ होऊ नये, रोज बसते तशी बसावी. टेप कापडी नको, तो ताणला जातो. तुमचा पोलादी घ्या, खिळ्यांच्या डब्यात आहे. तीनही मापं मिलिमीटरमध्ये लिहून पाठवा, आणि दोनदा मोजा. गुडघ्यामागची उंची जर १८ इंचांपेक्षा बरीच कमी आली तर मला फोन करा, कारण उठायला सोपं जावं म्हणून मी बैठकीची उंची मुद्दाम थोडी वाढवणार आहे, आणि किती, ते तुमच्याशी बोलूनच ठरवेन.

तुमची,
लेक