घाट गाडी तापवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर उन्हाळ्यात आपल्या पहिल्या पानावर एक फोटो ठरलेला असतो. खंबाटकी घाट, बॉनेट उघडून उभ्या असलेल्या चार-सहा गाड्या, मागे खंडाळ्यापर्यंत लागलेली रांग, आणि खाली ‘उन्हामुळे वाहने गरम, प्रवासी हैराण’. यंदाच्या मे महिन्यात त्या रांगेच्या तोंडाशी मीच होते. म्हणून हे पत्र.

पुण्याहून साताऱ्याला परतत होते, सोबत धाकटी बहीण. गाडी चौदा वर्षं जुनी, लहान, पेट्रोलवर चालणारी. घाटाचं निम्मं चढण झालं नसेल तोच तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, साडीच्या पदराने हात झाकून रेडिएटरचं, म्हणजे इंजिनचं पाणी निववणाऱ्या जाळीचं, झाकण फिरवायला गेले. मागे अडकलेल्या एसटीचे चालक खिडकीतून ओरडले, “ओ बाई, हात काढा आधी! तोंड भाजून घेताय का?”

मी एकतीस वर्षं हायस्कूलात विज्ञान शिकवलं. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, हे कुकर दाखवून किती मुलांना सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही. रेडिएटरच्या झाकणावर बहुधा 0.9 आकडा असतो. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढे बार जास्त दाब. त्या दाबाला आतलं पाणी 100 अंशांना उकळत नाही, 117-118 पर्यंत कळ काढतं. म्हणजे जवळपास घरातला कुकरच. झाकण सैल केलं की दाब एकदम उतरतो, पाण्याची जागच्या जागी वाफ होते आणि ती समोरच्याच्या तोंडावर येते. वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडू नये हे मला कळतं, पण घाटात मागून हॉर्न वाजत असताना सुचलं नाही.

त्या चालकांनी खाली उतरून आपल्या जवळचा पाण्याचा कॅन दिला आणि बजावलं, अर्धा-पाऊण तास कशाला हात लावायचा नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकतं. पुढचा खर्च मग गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. आम्ही तास काढला. मग झाकणावर जाड फडकं टाकून ते हळूच फिरवलं, पाणी भरलं, एसी बंद ठेवला आणि हीटर पूर्ण चालू करून उरलेला घाट चढलो. मे महिन्यात हीटर! बहीण अजून बोलून दाखवते. पण हीटर हा गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची उष्णता तो आत खेचतो. आपण घामाघूम होतो, काटा मात्र खाली येतो.

खरी गोष्ट घरी आल्यावर कळली. गोडोलीला एक मिस्त्री आहे, माझाच जुना विद्यार्थी. त्याने पहिला प्रश्न विचारला, “बाई, गाडी उभ्याउभ्या तापते का चढाला?” पोवई नाक्यावरच्या गर्दीत अर्धा तास अडकले तरी काटा मध्यावरच असतो, चढ लागला की वर जातो, हे मी सांगितलं. म्हणजे पंखा निर्दोष. पंखा बिघडला असता तर गाडी गर्दीत तापली असती आणि मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याने निवली असती. एसी लावून पंखा फिरतो हेही त्याने दाखवलं. वॉटर पंपाखाली ओल नव्हती. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तेल दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे हेडखालची पट्टी, हेड गॅस्केट, बहुधा शाबूत. झाकणाचं रबर मात्र कडक होऊन चिरलेलं होतं. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. तो काढून मी घरी आणला, पातेल्यात पाण्यात सोडला आणि गॅसवर ठेवून थर्मामीटर धरला. त्यावर 82 कोरलेलं होतं. 82-83 ला झडप हलली आणि बघता बघता पूर्ण उघडली. निवृत्तीनंतरचा माझा सर्वांत आनंदाचा प्रयोग.

राहिला रेडिएटर. गाडी तापवून, इंजिन बंद करून जाळीवर हात फिरवला तर वरचा भाग पोळत होता आणि खाली मधेच गार पट्टे लागत होते. तिथे पाणी फिरतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर खालची रबरी नळी काढली तेव्हा टपरीवरच्या चहासारखं तांबूस पाणी आलं, तळाला पांढरे कण. बोअरचं पाणी! घराजवळच्या एका गॅरेजात गेली तीन वर्षं मी ‘कूलंट टॉपअप’चे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं, गंज रोखणारं द्रव भरण्याचे, पैसे देत होते, आणि ते अंगणातल्या बोअरची नळी लावत होते. बंबाच्या तळाशी जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसला होता. शिवाय साध्या पाण्यात गंज रोखणारं काहीच नसतं.

मग सफाई. जुनं पाणी सगळं सोडलं, डिस्टिल्ड वॉटर भरलं, हीटर गरमवर ठेवून वीस मिनिटं इंजिन चालवलं, पूर्ण गार होऊ दिलं, पुन्हा सोडलं. पहिल्या खेपेला चहा, दुसऱ्याला लिंबू सरबत, चौथ्याला नितळ. अ‍ॅसिडची पावडर टाकून एकदाच धुऊ असं मिस्त्री म्हणत होता. अ‍ॅल्युमिनियमची जाळी जुनी, ती खाऊन टाकेल म्हणून मी नको म्हटलं. शेवटी निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी, आणि नवं झाकण. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय त्याच प्रकारचं कूलंट घेतलं. हिरवं-लाल रंगावर जाऊ नये, रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने घालते. आत अडकलेली हवा काढायला गाडीचं नाक वर हवं असतं. साताऱ्यात चढ शोधावा लागत नाही, आमच्या गल्लीतच काम झालं.

काढलेलं पाणी गटारात ओतायला निघालेल्या मिस्त्रीशी माझं भांडण झालं. कधीकाळचं कूलंट त्यात असणारच. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. दोन कॅन भरून एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन दिले. त्यांनी कुरकुरत ठेवून घेतले.

घाटात मी भरलं तेही साधंच पाणी होतं, अडचणीत ते चालतं. ते तिथेच वर्षानुवर्षं राहू देतो, मग बातमीत घाटाला नावं ठेवतो. हाच घाट एसटी रोज चढते. पुढच्या मे महिन्यात तो फोटो छापाल तेव्हा शेजारी एवढं छापा: काटा चढू लागला की एसी बंद, हीटर चालू, गाडी कडेला, झाकणाला हात नाही. आणि सातारकरांनो, आजच सकाळी गाडी गार असताना कूलंटच्या टाकीतलं पाणी कोणत्या रंगाचं आहे ते बघा.

आणखी एक. एसटीवर पाटी सांगलीची होती. रस्ता मोकळा झाल्यावर त्या चालकदादांना गाडी काढावी लागली, नाव विचारायचं राहिलं. त्यांचा पाच लिटरचा निळा कॅन माझ्याकडेच आहे. घासून ठेवलाय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
शाहूपुरी, सातारा